बेलखडकची सारजाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. आमच्या बेलखडकात जो तो आपल्या सोयीनं वर्षं मोजतो. कुणाच्या पणजीनं तिला पाहिलेलं असतं, तर कुणाच्या पणजीच्या पणजीनं. एवढं मात्र सगळे कबूल करतात, की तेव्हा डोंगराला रस्ता नव्हता, खालच्या पेठेला जायचं तर अख्खा दिवस मोडायचा आणि माणूस आजारी पडला की त्याला एकच दार होतं. ते सारजाक्काचं.

सारजाक्का वैदीण होती. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. सासू झाडपाल्याची जाणकार. तिनं सुनेला सगळा डोंगर दाखवला, कुठलं मूळ कधी खणायचं, कुठलं पान सावलीत वाळवायचं ते शिकवलं आणि मग तीही गेली. मागे राहिली सारजा, एका खणाचं घर, पुढचा ओटा आणि आढ्याला टांगलेल्या मुळ्यांच्या जुड्या.

असं म्हणतात, की ती डोंगरावर गेली की हवी ती वनस्पती वारा नसताना हलायची. असंही म्हणतात, की ओट्याकडे येणाऱ्याच्या पावलांवरून ती दुखणं ओळखायची. माणूस तोंड उघडायच्या आत काढ्याचं पाणी चुलीवर चढलेलं असायचं. मला विचाराल तर यात नवल काही नाही. जिच्या घरी दुखण्याशिवाय कुणी येत नाही, ती बाई पावलांकडेच कान लावून बसणार.

आणि माणसं तरी कशी यायची? आजारी माणूस गोड बोलतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून कुणाची सेवा केलेली नाही. कुणी येतानाच भांडत यायचा. कुणी ताडी पिऊन यायचा आणि 'थेंबाला शिवलो न्हाई' म्हणून शपथा घ्यायचा. एक म्हातारी रोज यायची आणि रोज नवं दुखणं सांगायची. आज गुडघा, उद्या कान, परवा टाळू. लोक म्हणायचे, अक्का, हिला हाकल. अक्का म्हणायची, "तिला दुकतंय हे खरं हाय. कुटं दुकतंय ते तिलाच अजून घावलं न्हाई."

सगळ्यांचं ती शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये तोंड घालायची नाही. भांडणाऱ्याचं भांडण संपलं की मग नाडी धरायची. गाव यायचं, बोलायचं, औषध घ्यायचं आणि उतारानं घरी जायचं. ओटा रिकामा झाला की अक्का तो सारवायची, भाकरी थापायची आणि एकटी जेवायची. विधवा म्हणून हळदीकुंकवाला बोलावणं नाही. वैदीण आली की मागनं दुखणं येतं, म्हणून बारशाला नाही. लोक वाईट नव्हते हो. त्यांच्या मनातच यायचं नाही.

आता आमच्याकडची एक जुनी चाल सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. बेलखडकात तेव्हा वैदाला दोनदा विचारत नसत. वैदानं एकदा सांगितलं की 'व्हय' म्हणायचं आणि उठायचं. पुन्हा विचारलं तर औषधाचा गुण जातो, अशी समजूत. समजलं तरी व्हय, नाही समजलं तरी व्हय. मोठमोठे शहाणे लोकसुद्धा अर्धवट ऐकून घरी यायचे आणि मग बायकोला विचारायचे, की काय गं, मध सकाळी म्हणाली का संध्याकाळी? बायको तर तिथं नव्हतीच.

एका वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तापाची साथ आली. ओटा माणसांनी भरला, अंगण भरलं, चिंचेखाली लोक झोपले. अक्काला दोन दिवस जेवायला सवड मिळाली नव्हती. त्या गर्दीत हौसा आली. हौसा म्हणजे येसबा लोहाराची बायको. भाता ओढून ओढून तिचं मनगट सुजलं होतं आणि खोकलाही झाला होता. अक्कानं तिला दोन बोळकी दिली. एकात प्यायचा काढा, दुसऱ्यात मनगटाला लावायचं तेल. ते तेल पोटात गेलं तर माणूस वाचत नसे. दोन्ही बोळकी एकाच कुंभाराची, एकाच मापाची.

"हे पोटात, हे मनगटाला," अक्का म्हणाली. म्हणताना तिची नजर पुढच्या बाईच्या मांडीवरच्या तापलेल्या लेकराकडे होती.

हौसा "व्हय" म्हणाली आणि उठली. दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि मागे वळली. तिच्या दोन हातांत दोन बोळकी होती आणि तोंड किंचित उघडं होतं. अक्कानं मान वर करून तिला पाहिलं. पाहिलं, एवढंच. मग ती लेकरावर वाकली. हौसा थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसा गेली.

गाव चावडीवर जमलं. येसबा खांबाला टेकून बसला होता. गावानं मात्र निवाडा आधीच करून ठेवला होता. हौसाचंच ऐकण्यात चुकलं, तिच्या नशिबात तेवढंच होतं, अक्काला बोल लावायचा नाही. गावाचं बरोबरच होतं म्हणा. वैदीण एकच होती, तिला दुखवून कसं चालेल? तेवढ्यात सारजाक्का स्वतः उठली.

"तिचं चुकलं न्हाई," ती म्हणाली. "मी सांगितलं, पर तिला पोचलं का न्हाई, ते मी बगितलं न्हाई."

पाटील म्हणाला, अक्का, बस खाली, कशाला आपल्याच अंगावर घेतेस. अक्का बसली नाही. एक गोष्ट मात्र तिनं त्या दिवशी सांगितली नाही. हौसा पायरीवर वळली होती आणि आपण तिला वळताना पाहिलं होतं, हे सांगायला तिची जीभ उचलली नाही. ती गोष्ट घेऊन ती घरी गेली.

बारा दिवस ओटा बंद राहिला. तेराव्या दिवशी उघडला तेव्हा तिथं नवा कायदा होता. औषध हातात घेतलं की उठायचं नाही. काय घ्यायचं, कधी घ्यायचं, कुठं लावायचं, हे सगळं अक्काला आपल्या शब्दांत परत सांगायचं. सांगता आलं नाही तर अक्का पुन्हा सांगणार आणि तुम्ही पुन्हा सांगणार.

लोक बिथरले. गुण जाईल म्हणाले. पाटलानं तर मिशीवर हात फिरवून विचारलं, "आमी काय साळंतली पोरं हाय, धडा म्हनून दाकवायला?"

अक्का म्हणाली, "न्हाई. पर पोट तुमचं हाय, आन् मी तुमच्यासंगं घरी येनार न्हाई."

पाटलाला तीनदा सांगावं लागलं. पहिल्या दोन्ही वेळी तो चुकला. त्यानंतर गावात कुणाची तक्रार राहिली नाही, कारण पाटील दोनदा चुकतो म्हटल्यावर बाकीच्यांना कसली लाज? आणि असं म्हणतात, की जो परत न सांगता बोळकं घेऊन जायचा, त्याच्या बोळक्यात घरी पोचेपर्यंत नुसतं पाणी उरायचं.

येसबा मात्र पुन्हा त्या ओट्याकडे फिरकला नाही. वाटेत अक्का दिसली तर तो वाट सोडून शेतात शिरायचा. त्याचा भाता चालायचा, घणाचा आवाज यायचा, पण त्याच्या तोंडचा शब्द गावानं फारसा ऐकला नाही. अशी नऊ वर्षं गेली. डोंगराच्या एका अंगाला एक एकटं माणूस आणि दुसऱ्या अंगाला दुसरं.

नवव्या वर्षी येसबाच्या पायावर ऐरण पडली. त्यानं फडकं गुंडाळलं आणि काम सुरू ठेवलं. आठवड्याभरात पाय सुजला, मग काळा पडू लागला, मग वास येऊ लागला. भट्टी थंड झाली. भावकीतली माणसं पाय बघायला गेली, तर त्यानं सांडशी उगारून त्यांना पिटाळलं. बाहेरगावच्या एका वैदाला लोकांनी हाताला धरून आणलं, त्याला अशा शिव्या बसल्या की तो पाणीही न पिता परत गेला. पाय कापायचा म्हटलं तरी कापू देईना, बरा करायचा म्हटलं तरी शिवू देईना. येसबा आता मरतो, हे गावानं धरून चाललं.

सारजाक्का तेव्हा बरीच म्हातारी झाली होती. एका सकाळी ती काठी टेकत गेली आणि लोहारशाळेच्या पायरीवर बसली. आत शिरली नाही.

"येसबा, मी सारजा," ती म्हणाली. "तुजा पाय बगायला आली न्हाई. एक सांगायचं राहिलंय. हौसा त्या दिशी पायरीवरनं मागं वळली हुती. तिला कायतरी विचारायचं हुतं. मी तिला वळताना बगितलं, आन् मान खाली घातली."

आतून सांडशी आली. अक्काच्या हातभर अंतरावर पायरीवर आदळली आणि दगडाची कपची उडाली. ती कपची उडालेली जागा अजून आहे. उद्या दिवसा दाखवतो. अक्का थोडा वेळ बसली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तिथं होती. त्या दिवशी येसबाला तोंड फुटलं. नऊ वर्षांचं साठलेलं सगळं त्यानं तिच्यावर ओतलं. शेजारच्या बायकांनी पोरांना घरात ओढून घेतलं, इतकं ते वाईट होतं. अक्का ऐकत राहिली. तो दमून थांबला, तेव्हा ती म्हणाली, "तू म्हनलास, मी तुजं घर बुडवलं. तू म्हनलास, सगळ्या गावाला मी बरं केलं आन् तुज्याच दारात मरन सोडून गेली. तू म्हनलास, चावडीवर मी खरं बोलली तवा लोक मलाच भलं म्हनाय लागले आन् तुज्याकडं कुनी वळून बगितलं न्हाई. बरोबर हाय का? काय राहिलं आसंल तर सांग."

या नऊ वर्षांत लोकांनी त्याला 'विसर' म्हटलं होतं, 'नशीब' म्हटलं होतं, 'दुसरी कर' म्हटलं होतं. त्याचं बोलणं त्याला कुणी परत सांगितलं नव्हतं.

"राहिलंय," येसबा म्हणाला.

मग ती रोज गेली. रोज तो बोलायचा आणि रोज ती त्याचं बोलणं त्याला परत सांगायची, एक शिवीसुद्धा न गाळता. पायाचं नाव तिनं काढलं नाही. गाव चिडलं. पाय तिकडं सडतोय आणि ही पायरीवर बसून गप्पा मारतेय, म्हणाले. असं म्हणतात, की ती बसायची तितका वेळ थंड भट्टीतले कोळसे आपोआप थोडे थोडे उजळायचे, आणि अकराव्या दिवशी भात्याला कुणाचा हात न लागता ते लालभडक झाले. मी पाहायला नव्हतो. लोहाराच्या घरातले लोक हे शपथेवर सांगतात, आणि लोहाराशी आगीवरून वाद घालायला मी काही खुळा नाही.

अकराव्या दिवशी येसबाचा आवाज खाली आला होता. तो म्हणाला, "ती शेवटच्या दिशी शुद्धीवर आली हुती. मला म्हनली, अक्काला पुन्यांदा विचाराय पायजे हुतं. पर वाटलं, गुन जाईल. म्हनून न्हाई विचारलं." मग म्हणाला, "सांग आता हे परत."

अक्कानं काठी बाजूला ठेवली. तिनं ते परत सांगितलं. "ती शेवटच्या दिशी शुद्धीवर आली हुती. तुला म्हनली, अक्काला पुन्यांदा विचाराय पायजे हुतं. पर वाटलं, गुन जाईल. म्हनून न्हाई विचारलं." एकही शब्द तिनं मऊ केला नाही.

तेव्हा येसबानं आतून पाय फरफटत आणला आणि उंबऱ्याबाहेर तिच्यापुढं ठेवला.

"माफी मागू नगंस," तो म्हणाला. "मी देनार न्हाई."

"मागत न्हाई," अक्का म्हणाली. "पाय सरळ कर."

दोन बोटं गेली, पण पाय राहिला. दोन महिने अक्का रोज येत होती. जखम धुवायची, लेप लावायची आणि उद्यापर्यंत काय करायचं, काय करायचं नाही, ते सांगायची. येसबा गुरगुरत सगळं परत सांगायचा. कधी चुकायचा, मग पुन्हा सांगायचा. हळूहळू त्याचं गुरगुरणं कमी झालं. एकदा त्यानं तिला बसायला पाट दिला.

दोन महिन्यांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, अक्कानं पट्टी सोडली आणि नवी बांधली नाही. येसबानं पाय जमिनीवर टेकला, भार देऊन पाहिला. उभा राहिला. अक्का निघाली. काठीवर वाकून उठताना तिनं ओठ आवळले, ते येसबाला दिसलं. दोन महिने रोज तिच्यासमोर बसून त्यालाही थोडं दिसायला लागलं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "तुजं काय दुकतंय?"

इथं कुणी सांगतात, की डोंगर गदगदला. कुणी सांगतात, की झऱ्याचं पाणी वाहायचं थांबलं. मला ते पटत नाही. मला वाटतं, काहीच झालं नाही. एक म्हातारी बाई भर उन्हात उभी राहिली, एवढंच. चाळीस वर्षं तिनं हा प्रश्न सगळ्या गावाला विचारला होता. तिला तो कुणी विचारला नव्हता.

ती पुन्हा पायरीवर बसली. म्हणाली, "पाठीत. काळपुळी हाय. तीन आठवडं झालं."

काळपुळी म्हणजे पाठीत उठणारं ते वाईट गळू, ज्यानं धडधाकट माणसं जातात.

"तुज्याकडं औशद न्हाई का?"

"हाय की. औशद हाय," अक्का म्हणाली. "हात पोचत न्हाई."

येसबाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मधोमध पाठीत, जिथं आपला हात खालूनही जात नाही आणि वरूनही जात नाही, तिथं ते उठलं होतं. लेप घोटून तयार होता. तिनं तो काठीच्या टोकाला लावून पाहिला होता, भिंतीला लावून पाठ घासून पाहिली होती.

"मग कुनाला सांगितलं का न्हाईस?"

"कुनी विचारलं न्हाई," ती म्हणाली. आणि मग, जरा ओशाळून, "आन् मला सांगायची सवय न्हाई."

मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल. या जागी माझा मला राग येतो, आणि तेव्हा तर मी जन्मलोही नव्हतो. रोज दहा माणसं तिच्या ओट्यावर येत होती. प्रत्येकाला दोन दोन हात होते.

येसबा नव्या पायानं धावला. लंगडत, पण धावला. दारोदार जाऊन त्यानं बायकांना हाका मारल्या. बायका आल्या. त्यांनी अक्काला घरी नेलं, चोळी सोडली आणि बघून एकमेकींकडे पाहिलं. हाताच्या पंजाएवढी जागा काळीठिक्कर पडली होती. जिनं लेप हातात घेतला तिला अक्कानं कसा लावायचा ते सांगितलं. ती घाबरून "व्हय" म्हणाली. अक्का पालथी पडूनच म्हणाली, "व्हय नगं. सांग बगू."

पण उशीर झाला होता. हे अक्काला ठाऊक होतं. तिनं तसं स्पष्ट सांगितलं, म्हणजे कुणाला आशा लागून राहायला नको. नंतर ती सहा दिवस होती. त्या सहा दिवसांत तिचं घर एकदाही रिकामं नव्हतं. बायका पाळीपाळीनं बसायच्या आणि तिला विचारायच्या. कुठं दुखतंय, काय खावंसं वाटतंय, माहेर कुठलं. चाळीस वर्षांत गावाला तिचं माहेर ठाऊक नव्हतं. तिला करवंदं फार आवडायची, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि करवंदांचा हंगाम तर केव्हाच सरला होता. येसबा ओट्यावर बसून असायचा. ती आतून बोलायची आणि तो बाहेरून परत सांगायचा, चुकायचा, आणि ती दुरुस्त करायची. असं म्हणतात, की सहाव्या दिवशी सकाळी ती एका वाक्याच्या मध्येच थांबली. ते वाक्य कुठलं, हे येसबानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

तर अशी आमची सारजाक्का. तिचं देऊळ नाही, जत्रा नाही, नैवेद्य नाही. पण आमच्या गावात आजही एक रीत आहे, आणि ती पाळली नाही तर म्हातारी माणसं जेवत नाहीत.

गावात आता सरकारी उपकेंद्र आहे. तीन वर्षांपूर्वी तिथं एक नवीन नर्सबाई आल्या, लांबच्या जिल्ह्यातल्या, वयानं लहान. पहिल्याच दिवशी दाराबाहेर रांग. पहिली आमची थोरली काकी, दम्यानं धापा टाकणारी. बाईंनी वही उघडली आणि विचारलं, "बोला आजी, काय होतंय?"

काकी खुर्चीवर बसली नाही. धापा टाकतच म्हणाली, "आदी तुमचं सांगा. तुमचं काय दुकतंय?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "काही नाही, मी बरी आहे. बसा ना."

काकी उभीच राहिली. तिच्या मागे अकरा माणसं होती. कुणाला ताप, कुणाचा हात गळ्यात. त्यांच्यातलंही कुणी पुढं सरकलं नाही, की घाई करा म्हणालं नाही. बाईंनी एकदा काकीकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"घरची फार आठवण येते," त्या म्हणाल्या. "घर सोडून चार दिवस झाले, नीट झोप नाही."

काकीनं मान हलवली. "घरची आटवन येती, आन् चार दिस झोप न्हाई," ती म्हणाली. "बरोबर हाय का?"

बाई "हो" म्हणाल्या. मग काकी खुर्चीवर बसली आणि नाडी बघण्यासाठी तिनं आपला हात बाईंपुढं केला.